पोस्टरात नसलेली म्हैस

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वर्धमान मगदूम यांच्या फोटो स्टुडिओत कुणी पहिल्यांदा आलं, की ते वर्धमानअण्णांकडं बघायचंच नाही. त्याची नजर थेट समोरच्या भिंतीवर जायची. तिथं पोस्टर होतं. पंचगंगेचा घाट, मागं देवळाचं शिखर, आणि पायरीवर कमरेला कळशी घेऊन उभी असलेली नऊवारीतली एक बाई. नाकात टपोरी नथ, ओठावर जेमतेम हसू. खाली ठळक इंग्रजी अक्षरांत देशाचं नाव. सदतीस वर्षांपूर्वी हे पोस्टर म्हणे परदेशातल्या विमानतळांवर झळकलं होतं. अण्णांनी स्वतः विमानतळ आतून कधी बघितला नव्हता, पण "लंडनात माझी बाई उभी हाय," असं ते सगळ्या पेठेला छाती फुगवून सांगायचे. त्यांच्या बायकोनं, अक्काताईंनी, शेकडो वेळा बजावलं असेल, की अहो, निदान 'माझी बाई' तरी म्हणू नका, लोक काय म्हणतील! पण ऐकतील ते अण्णा कसले.

याच पोस्टराखाली त्यांची एकुलती एक लेक वाढली. प्रियदर्शनी. शाळा सुटली की ती स्टुडिओत यायची, स्टुलावर बसून गृहपाठ करायची आणि कंटाळा आला की वहीच्या मागच्या पानावर ती नथ काढत बसायची. पाहुणे आले की सांगायची, "आपल्या देशाचा फोटो माझ्या अण्णांनी काढलाय." काय तो आवाज होता, आणि काय तो रुबाब! अण्णा आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो धूत असायचे. ते ऐकलं की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, आणि पुढच्याच क्षणी मान खाली जायची. ती का खाली जायची, ते त्यांनी अक्काताईंनाही कधी सांगितलं नाही.

त्याचं असं झालं होतं. गंगावेशीत संध्याकाळी दुधाचा कट्टा भरायचा. म्हशी ओळीनं उभ्या, आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास थेट हातात. तिथं चिमणाबाई नावाची एक बाई होती, सव्वीस वर्षांची, आवाज असा की रस्त्यापलीकडच्यानं वळून बघावं. तिची म्हैस चांदी, कपाळावर पांढरा ठिपका, शिंगं तेल लावून चकचकीत केलेली. नवरा केरबा धार काढायचा, ही ग्लास द्यायची आणि पुढच्याची थट्टा करायची. एकदा अण्णा कॅमेरा घेऊन तिथं गेले, आणि ती तोंड भरून हसत ग्लास पुढं करत होती तेवढ्यात बटण दाबलं. आयुष्यात असा फोटो एकदाच निघतो. अण्णांना तो धुतानाच कळलं होतं.

पुढं मुंबईहून एक साहेब आला. काळा गॉगल, हातात ब्रीफकेस. त्याला परदेशी पाहुण्यांना बोलावणाऱ्या पोस्टरासाठी 'अस्सल भारतीय स्त्री' हवी होती. त्यानं तो फोटो उचलला, लांब धरून बघितला आणि म्हणाला, "बाई छान आहे. म्हैस काढा. हसणं जरा कमी करा. ग्लासच्या जागी कळशी द्या, आणि मागं काहीतरी पवित्र पाहिजे."

अण्णा तेव्हा एकोणतीस वर्षांचे. ब्रश धरावा तर त्यांनीच. देवीचे व्रण असलेल्या किती लग्नाच्या मुलींचे गाल त्यांनी फोटोत गुळगुळीत केले होते, त्यावर किती लग्नं जुळली होती, याची गणतीच नाही. त्यांनी दोन दिवस दार लावून घेतलं आणि चांदीवर घाट रंगवला. म्हैस मोठी, म्हणून दोन दिवस लागले. नथ रंगवली, कळशी रंगवली, रंग गोरा केला, ओठ मिटवले. काम असं बेमालूम झालं की साहेबानं पाठ थोपटली. अण्णाही खूश झाले, खोटं कशाला बोला.

फक्त चिमणाबाईनं फोटो निघाला तेव्हाच एक मागितलं होतं. "अण्णा, मला बी एक कापी द्या की. चांदीसकट." अण्णा 'देतो' म्हणाले. मग पोस्टर आलं, आणि त्यांना गंगावेशीतून जायची लाज वाटायला लागली. रंकाळ्याला जायचं तरी ते लांबच्या वाटेनं जायचे. चार वर्षांनी केरबा गेला, चिमणाबाई कोडोलीला भावाच्या शेजारी राहायला गेली, एवढं कानावर आलं. निगेटिव्ह मात्र त्यांनी जपून ठेवली. का, ते विचारू नका.

आता प्रियदर्शनी पुण्यात मोठ्या कंपनीत डिझायनर झालेली. परदेशात पर्यटनाचा मोठा मेळा भरायचा होता, तिथं भारताचा मंडप, आणि त्या मंडपाचं सगळं रंगरूप ठरवायचं काम तिच्या हाती आलेलं. तिच्या आयुष्यातलं पहिलं एवढं मोठं काम. दिल्लीतल्या मंडळींना तिनं अण्णांचं पोस्टर दाखवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जुनं पोस्टर नव्यानं लावायचं ठरलं. पण तिनं एक अट घातली. ज्या माणसाचं चित्र देशाच्या नावानं लावायचं, त्याचं नाव खाली पाहिजे आणि त्याची संमतीची सही पाहिजे. "आपण जगाला सांगतो की हे आम्ही आहोत," ती म्हणाली, "तर त्या माणसालाही वाटलं पाहिजे ना, की हा मी आहे?" दिल्लीकरांनी सोमवारपर्यंत सही आणायला सांगितली.

शुक्रवारी ती कोल्हापुरात आली आणि आल्या आल्या विचारलं, "अण्णा, त्या बाईंचं नाव काय?"

सदतीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "चिमणाबाई," अण्णा म्हणाले, आणि त्यांची पाचावर धारण बसली. सांगावं, तर लेकीच्या नजरेतून उतरायचं. न सांगावं, तर सहीसाठी कोडोलीला जाऊन काय वाढून ठेवलंय कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी निगेटिव्हवरून काढलेली पोस्टकार्डाएवढी जुनी प्रिंट शर्टाच्या खिशात टाकली. चिमणाबाईला हळूच बाजूला घेऊन देऊ, लेकीला कळायलाच नको, असा त्यांचा बेत होता.

कोडोलीत घर सापडायला वेळ लागला नाही. चिमणाबाई गोठ्यात शेण ओढत होत्या. केस पांढरे झालेले, आवाज होता तसाच.

"या की पावणं. कोन म्हनायचं?"

"मी मगदूम. शिवाजी पेठेतला. फोटोवाला."

"अगं बाई बाई! फोटोवालं अण्णा? जित्तं हायसा व्हय तुमी!" त्या खळखळून हसल्या. "आन् माझी कापी? का आजून वाळायचीच हाय?"

अण्णांचं तोंड एवढंसं झालं. प्रियदर्शनीला वाटलं, जुन्या ओळखीची थट्टा चाललीय. चहा झाला. मग तिनं टॅबलेट काढून पोस्टर समोर धरलं. चिमणाबाईंनी पदराला हात पुसले, डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.

"लई देखणी हाय की गं. कोन म्हनायची ही?"

"मावशी, या तुम्हीच आहात."

"मी?" चिमणाबाईंनी पुन्हा बघितलं. "न्हाय बाई. मी कवा नथ घातलीया? बापजन्मात न्हाय. आन् कळशी कशाला घिऊ? नळ हुता की दारात. धारंच्या वक्ताला म्हस सोडून घाटावर कोन हुबं ऱ्हाईल, तूच सांग."

"खूप वर्षं झाली मावशी. जरा आठवून बघा ना." प्रियदर्शनीनं संमतीपत्र पुढं केलं. पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं बिचारीनं.

चिमणाबाईंनी पेन घेतलं नाही. रागावल्याही नाहीत. सरळ म्हणाल्या, "पोरी, ही मी न्हाय. दुसरीच्या चित्राखाली मी माझं नाव कसं घालू?"

प्रियदर्शनी गोंधळली. वळून अण्णांना हळूच म्हणाली, "अण्णा, आपण चुकीच्या बाईंकडं तर नाही ना आलो?"

देवानं सुटायची वाट दाखवावी तर अशी. नुसतं 'व्हय, चुकलंच बहुतेक' म्हणायचं, उठायचं, गाडीत बसायचं. लेकीला सही मिळाली नसती, पण बाप तसाच्या तसा राहिला असता. अण्णांनी तोंड उघडलं. समोर चिमणाबाई चहाच्या कपबशा गोळा करत होत्या. या बाईला तिच्याच दारात खोटं पाडायचं? एकदा पाडली ती पुरे नाही झाली? अण्णांचा हात खिशाकडं गेला. त्यांनी प्रिंट काढली आणि लेकीच्या हातात दिली.

प्रियदर्शनी बघतच राहिली. कट्टा, फेसाळ ग्लास, तोंड भरून हसणारी सावळी बाई, आणि पाठीमागं भलीमोठी म्हैस.

"हे काय आहे, अण्णा?"

"हाच फोटो. बाकीचं मी रंगवलं."

"घाट?"

"घाट, देऊळ, नथ. सगळं."

तिनं प्रिंट टॅबलेटवरच्या पोस्टराशेजारी धरली. मग बोलली ती इतक्या बारीक आवाजात, की अण्णांना वाटलं ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी ती नथ गिरवत बसायचे, अण्णा. सगळ्यांना सांगत फिरले मी. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं," अण्णा म्हणाले. "पण तू त्या पोस्टराकडं बघून माझ्याकडं बघायचीस. ते जाईल म्हणून भ्यालो." आणि सहासष्ट वर्षांचा तो माणूस परक्या ओसरीवर डोळे पुसायला लागला.

"बगू की मला बी," म्हणत चिमणाबाईंनी प्रिंट काढून घेतली. "माझी चांदी! अगं माझी बाय!" त्या हसल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. प्रिंट डोळ्यांजवळ नेली. म्हशीच्या मागच्या पायांपाशी त्यांचं बोट टेकलं. तिथं कासेआडून कुणीतरी डोकावलं होतं. पटक्याची कड, एक डोळा, अर्धी मिशी.

"ह्येनी हायती," त्या म्हणाल्या.

अण्णांना तर आठवतही नव्हतं. म्हशीवर ब्रश फिरवताना त्याच फटकाऱ्यात त्यांनी केरबालाही पुसून टाकलं होतं.

"फोटू म्हटलं की जाऊन म्हशीमागं बसायचं. लई लाजाळू मानूस. लग्नात फोटू काडला न्हाय. वोटिंगच्या कार्डावर फोटू यायच्या आदीच गेलं. पोरं इचारायची, बाबा कसा हुता? मी काय दावू त्यास्नी? तोंडानं सांगून मानूस दिसतंय व्हय?" त्या रडत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, त्या डोळ्याकडं, आणि तो डोळा त्यांच्याकडं.

मग प्रियदर्शनीतली डिझायनर जागी झालीच. हा फोटो त्या पोस्टरापेक्षा शंभरपट खरा होता, आणि सोमवार तोंडावर होता. "मावशी, मग हाच लावू का? तुमच्या नावासकट, चांदीसकट?"

चिमणाबाईंनी विचार केला. "मला लाव. चांदीला लाव, नाद खुळा दिसतीया. पर ह्येनला नगं. जलमभर लपून ऱ्हायलं, आता नगं म्हनायला ह्येनी न्हाईत म्हनून मी जगाम्होरं हुबं करू?"

"मग तेवढा भाग कापून..." प्रियदर्शनी बोलून गेली. आणि जीभ चावली.

"एकदा कापल्यालं हाय की तुमी," चिमणाबाई म्हणाल्या. त्यात टोमणाही नव्हता.

प्रियदर्शनीचा चेहरा लाल झाला. तिनं अण्णांकडं बघितलं, सकाळपासून पहिल्यांदा नीट बघितलं. मग फोन काढला, अंगणात गेली आणि दिल्लीला लावला. अण्णांना ऐकू येत होतं. "नाही, पोस्टर मिळणार नाही. बाईंनी नाही म्हटलंय... नाही, दुसरी कुठलीही बाई चालणार नाही, मला नाही चालणार... हो, माहितीय सोमवार आहे. नव्यानं करीन. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला द्या काम."

ती आत आली तेव्हा चिमणाबाई अण्णांना सांगत होत्या, "भितीवर लावायाजोगी मोटी काडून द्या. आन् अण्णा, ब्रश लावू नगा हां. तोंड अर्दं हाय, अर्दंच असू द्या. अर्दं हाय, पर ह्येंचंच हाय."

"न्हाय लावत," अण्णा म्हणाले. "शपथ."

प्रियदर्शनीनं संमतीपत्र पालथं केलं. कोऱ्या बाजूला पेनानं लिहिलं: एक प्रिंट, मोठी, आहे तशी. खाली चिमणाबाईंचं नाव घातलं, त्याखाली केरबाचं, आणि कागद अण्णांपुढं धरला.

अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "कधी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"उद्या," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, नजर न वळवताच म्हणाली, "मीपण येते आत, अंधाऱ्या खोलीत. मला बघायचंय ते कसं उमटतं."