पतंगाची नवी जात

शालिकराम गुरुजींनी टाचणीच्या टोकाने पतंगाचा वरचा पंख हळूच बाजूला सारला. वरून वाळकं पान, शिरांसकट. खाली मात्र झगझगीत भगवा आणि मधोमध काळा ठिपका.

"पाय गुणवंता. अशी जात कोनत्याच पुस्तकात नाही. घरातली दोन्ही पुस्तकं पाह्यली मी."

छत्तीस वर्षं सौंसरच्या पोरांना विज्ञान शिकवूनही गुरुजींचं नाव कशालाच लागलं नव्हतं. निदान पतंगाला तरी लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती. फोटो नागपूरच्या एका कीटकतज्ज्ञाकडे गेले होते. सोबत सुचवलेलं नावही.

शेजारच्या गुणवंताचं दुखणं वेगळंच होतं. रामाकोन्याच्या त्याच्या बगिच्यात संत्री पिवळी होताच टाचणीएवढं भोक पडून गळत होती.

"नावाचं राहू द्या, गुरुजी. हा माह्याच बगिच्यात सापडला. याले माराचं कशानं, थे सांगा."

"अरे, इथं शोध लागून राहिला अन् तू माराचं काढतं!"

तेवढ्यात गुरुजींची मुलगी वृषाली मोबाइल घेऊन ओसरीत आली. उत्तर आलं होतं.

"बाबा, जात जुनीच आहे म्हणतात. संत्र्याचा रस पिणारा पतंग."

गुरुजींचा चेहरा उतरला.

"अन् माराचं कशानं?" गुणवंताने विचारलं.

"याची अळी संत्र्यावर राहतच नाही. गुळवेलीवर वाढते. आधी आजूबाजूची सगळी गुळवेल उपटा म्हणतात."

गुरुजींनी कुंपणाकडे पाहिलं. करोनाच्या साली काढ्यासाठी लावलेली गुळवेल गुरुजींचं कुंपण, कडुनिंब आणि नळाचा पाइप गिळून बसली होती. तेवढ्यावर भागतं तर बरं होतं. पण गुरुजींचा हात सढळ. रामाकोना, लोधीखेडा, जामसांवली, जिथे संत्र्याचा बगिचा तिथे त्यांनी स्वतः जाऊन कांड्या खोचल्या होत्या. एकट्या गुणवंताच्याच कुंपणाला चाळीस.

तिसऱ्या दिवशी गुरुजी विळा घेऊन त्या कुंपणाशी उभे होते. मनातून फार शरमले होते, पण वेल कापत होते. गुणवंता शेजारी वेल ओढत होता. लोधीखेड्याच्या एका शेतकऱ्याने रस्त्यावर गाडी थांबवली.

"काहो, थो गुरुजीचा पतंग म्हणतेत, थो याच वेलीत राह्यते का?"

गुणवंताने मान खाली घातली.

गुरुजींनी विळा थांबवला, कपाळाचा घाम पुसला.

"शालिकराम गुरुजीचा म्हना," ते म्हणाले. "नुसते गुरुजी इकडे लय आहेत."