पूजेत बसलेला कणमापक

शांभवी माझी पुतणी. तंजावूरच्या एका कॉलेजात संशोधन करते. खूप दाब दिलेला कार्बन डायऑक्साइड ना धड वायू, ना धड द्रव असा झाला, की त्यात ती स्टिअरिक आम्ल, म्हणजे मेणबत्तीत घालतात ती चरबी, विरघळवते आणि केसाएवढ्या भोकातून बाहेर सोडते. वायू उडून जातो, चरबीचे बारीक कण हवेत तरंगतात. मला तरी हे असे समजले आहे, चुकीचेही असेल.

कण मोजण्याचे यंत्र त्रिचीहून उसने आणलेले. संध्याकाळी ते परत जाणार होते, आणि मोजमापाशिवाय तिचा प्रबंध अडला होता. नेमकी त्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सुंदरीबाईंनी सकाळीच यंत्राला चंदन-कुंकू लावून, हार घालून पूजेत बसवले. आता विजयादशमीपर्यंत त्याला कामाला लावायचे नाही. निवाड्यासाठी मला बोलावले.

"अण्णा, तुम्ही एवढं वाचलंय. सांगा हिला."

"पुस्तकात पाहावं लागेल," मी म्हणालो. "पण पुस्तकंही पूजेतच आहेत."

"काका, यंत्र न्यायला गाडी निघालीसुद्धा त्रिचीहून!" शांभवी रडकुंडीला आली.

"तसं पाहिलं तर हे हत्यार नव्हे," मी सुंदरीबाईंना म्हणालो. " नुसतं मोजतं."

"तराजू तरी दुसरं काय करतो? आमच्या दुकानातला पूजेत आहे."

मी लगेच हरलो. मग भीत भीत सुचवले, "अक्षता टाकून उत्तरेकडे जरा सरकवलं, तर पूजा संपते... बहुतेक."

सुंदरीबाईंनी विचार केला. "सरकवा. पण आधी सुंडल खायचं."

आम्ही प्रसादाचे हरभरे घाईघाईने गिळले. शांभवीला उचकी लागली. तशीच तिने यंत्र सरकवून सुरू केले. काहीच सोडले नव्हते, तरी आकडे भराभर चढू लागले.

"देवीची कृपा," सुंदरीबाई म्हणाल्या.

"तुमच्या सांब्राणी धुपाचा धूर आहे तो, अक्का!"

खिडक्या उघडल्या. मदत म्हणून मी उपरण्याने जोरात वारा घातला. आकडे आणखी चढले.

"काका, तुमच्या उपरण्याची धूळ मोजतंय ते! बाहेर व्हा!"

मी दाराबाहेर उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आत फुस्स झाले, एक उचकी ऐकू आली, आणि मग शांभवीची आरोळी, "आले! चरबीचेच कण आहेत, अक्का! आणखी एकदा घेऊ या!"

मी दार किंचित ढकलले. "आत येऊ का?"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.