निर्माल्यात गेलेली चावी

माझ्याकडे गाडी शिकून गेलेल्या बायका पनवेलभर सांगत फिरतात की मिताली मॅडम शिकवतात छान, पण ओरडतात फार. ओरडते मी, खोटं कशाला बोलू! शेजारी बसलेल्या बाईने भर रस्त्यात ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला की तुम्हीही ओरडाल. नवरा म्हणतो, तू क्लास काढलास की पोलीस चौकी? त्याला अजून गाडी येत नाही, म्हणून मी मनावर घेत नाही.

माझी गाडी एकच, पांढरी, सेकंडहँड. आधीच्या मालकाने हौसेने तिला ॲलॉय व्हील, म्हणजे चकचकीत महागडी चाकं लावलेली आणि ती चोरीला जातील या भीतीने प्रत्येक चाकाला एकेक लॉक नट बसवलेला. म्हणजे असं की चाकाच्या चार नटांतले तीन कुठल्याही पान्याने निघतात, चौथा फक्त त्याच्या चावीने. ही चावी म्हणजे अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. त्याच्या आत नागमोडी खाच असते. तो नटावर बसवायचा, वर पाना लावायचा, मग नट फिरतो. तो तुकडा गाडीच्या टूलकिटमध्ये असतो. असायचा.

त्या गुरुवारी सत्यवती नाखवाची टेस्ट होती. ही करंजा गावची कोळीण, वय पन्नास. पूर्वी तिचा नवरा दाजी टेम्पो चालवायचा आणि ती शेजारी बसून मासळी पनवेलच्या बाजारात आणायची. मागच्या वर्षी दाजीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून टेम्पो भाड्याच्या ड्रायव्हरच्या भरवशावर, आणि ड्रायव्हर देवाच्या भरवशावर. तो आला तर मासळी बाजारात, नाही आला तर घरी सुकत घालायची. सत्यवतीने ठरवलं, टेम्पो मीच चालवणार. एप्रिलपासून आठवड्यातून तीनदा एसटीने पनवेलला यायची आणि माझा आरडाओरडा ऐकून परत जायची.

दोनदा नापास झाली होती. एकदा चढावर गाडी मागे गेली, एकदा रिव्हर्स घेताना खांब पाडला. शिकाऊ लायसन्स शनिवारी संपत होतं, म्हणजे आज नाही तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. आणि तेवढा वेळ टेम्पोला नव्हता. दाजीने रविवारी गिऱ्हाईक बोलावलं होतं. सत्यवती पास झाली तर टेम्पो राहणार, नाही तर रविवारी विकला जाणार, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

टेस्ट बाराची. नऊ वाजता मी तिला पळस्प्याजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर नेलं, म्हटलं एकदा रिव्हर्स घटवून घेऊ. तिसऱ्या खेपेला गाडी कडेला गेली. तिथे अर्धवट बांधलेल्या गटाराची सळई बाहेर आलेली. फर्रकन आवाज झाला. उतरून बघते तर मागचं डावं टायर बाजूने असं फाटलेलं की आत चार बोटं जातील. पंक्चर काढण्यातला मामला नव्हताच.

"सळई दिसली नाही तुम्हाला? डोळे काय करंज्याला ठेवून आलात? आजच्या दिवशी? आजच्या दिवशी, मावशी?"

 सत्यवती पदर खोचून डिकी उघडायला गेली. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. चावी नव्हती.

मी मॅट उचलली. सीटखाली हात घातला. डॅशबोर्डचा खण रिकामा केला, त्यातून दोन पेनं, एक हेअरक्लिप आणि खडीसाखरेची पुडी निघाली. आणि मग मला आठवलं. आठ दिवसांपूर्वी दसरा झाला. दसऱ्याला मी दरवर्षी गाडीचं सगळं सामान पाटावर मांडून पूजा करते. जॅक, पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि ती चावी. वर झेंडू, वर आपट्याची पानं. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासची घाई. पाटावरची फुलं दोन्ही हातांनी ओंजळीत घेऊन मी पिशवीत भरली आणि तलावाजवळच्या निर्माल्य कलशात टाकून आले. पिशवी जरा जड लागली होती. मी मनात म्हटलं, यंदा झेंडू काय ताजा मिळाला!

कलश तर दुसऱ्याच दिवशी रिकामा होतो. चावी गेली ती गेलीच.

गप्प राहावं असं एक क्षण वाटलं, कबूल करते. टायर तिने फाडलं होतं, सगळं तिच्याच नावावर खपलं असतं. पण ती खाली वाकून झुडपात चावी शोधत होती. आपल्याच हातून डिकीतून कुठेतरी पडली असेल असं तिला वाटत होतं. ते मला बघवेना.

"मावशी, शोधू नका. मी टाकली ती. दसऱ्याच्या फुलांबरोबर निर्माल्यात."

ती सरळ झाली. 

"देवाला दिलीत?"

"हो."

"मंग देव काय आता परत देनार हाय?" एवढंच बोलली, आणि लांब जाऊन दगडावर बसली. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

दुसरी गाडी मिळते का म्हणून तीन फोन केले. शिकाऊ बाईच्या हातात कोण गाडी देतो! मग रस्ता ओलांडून कृष्णकांतकडे गेले. कृष्णकांतचं टायरचं दुकान त्या रस्त्यावर मी शाळेत होते तेव्हापासून आहे. माणूस काडीसारखा, बोलायला संथ. हात पुसत आला, उकिडवा बसून नट बघितला.

"चावीशिवाय नाय निघत, मॅडम. त्यासाठीच तर लावतात. कंपनीला नंबर दिला की नवीन चावी येते, आठ दिवसांत."

"मला अकराच्या आत निघायचंय."

"जबरदस्तीनं काढता येतो, तसा नाय असं नाय. पन घाव चुकला तर ॲलॉय फुटंल. मंग माझ्या नावानं ओरडाल. तुमचा आवाज मला दुकानात ऐकू येतो रोज."

"फुटू दे," मी म्हटलं. "चाक फुटू दे, गाडी फुटू दे. नाही ओरडणार. या बाईला टेस्टला पोचवायचंय हो, दादा."

त्याने एकदा सत्यवतीकडे बघितलं, उठला आणि दुकानात गेला. परत आला तो तेलकट डबा घेऊन. डब्यात जुन्या गोट्या. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसते ती, पान्याच्या टोकाला लावायची. त्यातली बारा कोनांची एक गोटी त्याने निवडली, मुद्दाम नटापेक्षा किंचित लहान. ती नटावर धरली आणि हातोड्याने ठोकायला लागला. लहान गोटी मोठ्या नटावर ठोकून बसवली की तिचे कोन नटात रुततात, मग चावीची गरज राहत नाही, असं तो ठोकता ठोकता सांगत होता. प्रत्येक घावाला माझा जीव वरखाली होत होता. गोटी बसली. त्याने दांडा लावून जोर दिला. खर्रकन आवाज झाला आणि गोटी सुटून लांब जाऊन पडली. नटाच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आता?" मी विचारलं. ओरडले नाही. माझं मलाच नवल वाटलं.

"आता याच्याहून लहान." त्याने डबा पालथा केला, एकेक गोटी नटाला लावून पाहिली, आणि एक अशी काढली जी मला तरी बसणारच नाही असं वाटलं. घण आणला. सत्यवती उठून आली आणि गोटी दोन बोटांत सरळ धरून बसली. "मारा," म्हणाली. "हात नाय हालनार." खरंच नाही हालला. तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर घण पडत होता, आणि ती नटाकडे बघत होती, जशी मासळीच्या लिलावात भाव पुकारणाऱ्याकडे बघत असेल तशी. आठदहा घावांत गोटी खोल रुतली. ॲलॉयवर एक चरा आला, बाकी काही नाही.

दांडा लावला. कृष्णकांतने जोर केला, हलेना. मी जोर केला, हलेना. त्याने दुकानातून लांब पाइप आणून दांड्यावर चढवला, आम्ही दोघं लोंबकळलो, तरी हलेना. कृष्णकांतने हात टेकले. म्हणाला, मागं कुणीतरी मशीननं आवळलाय हा.

"सरा," सत्यवती म्हणाली. चपला काढल्या, लुगडं वर खोचलं, एका हाताने गाडीच्या टपाचा आधार घेतला आणि पाइपच्या टोकावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. उडी नाही, हिसका नाही, नुसती उभी. बोटीवर उभी राहायची सवय. पाइप वाकतोय असं वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

कट्! असा आवाज आला की मला वाटलं सगळं मोडलं. डोळे उघडले तर पाइप जमिनीला टेकला होता आणि सत्यवती मातीत दोन पायांवर उभी होती. कृष्णकांत वाकून नट हाताने फिरवत होता. हाताने!

"निघाला!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला. सत्यवतीला मिठी मारली, तिच्या खांद्यावर रडले, आणि कृष्णकांत म्हणत राहिला, मॅडम, जॅक लावू का आता?

स्टेपनी चढवून तीनच साध्या नटांवर चाक आवळलं. "आज एवढ्यावर चालंल. उद्या चौथा टाकू आन् बाकीचे तीन लॉकही काढू," कृष्णकांत म्हणाला. सव्वा अकराला आम्ही निघालो. वाटेत सत्यवती म्हणाली, "मॅडम, एक सांगू? राग नका मानू."

"सांगा."

"तितं तुमी लांब उभ्या ऱ्हावा. मना दिसाल अशा नका ऱ्हाऊ. तुमी दिसलात का माझ्या कानात तुमचा आवाज येतो, मंग माझे पाय चुकतात."

लागलं मला. खूप लागलं. सहा महिने मी हिला शिकवतेय असं समजत होते, आणि दोन्ही वेळा नापास मीच केलं होतं की काय! पण ती खरं बोलत होती. आरटीओच्या फाटकाशी उतरले आणि भिंतीमागे चहाच्या टपरीवर जाऊन बसले. आतलं काही दिसत नव्हतं. दोन चहा थंड झाले. बारा वीसला ती फाटकातून चालत आली, रुमालाने मान पुसत.

"मावशी?"

"चढावर गाडी उभी केली. माघारी नाय गेली," ती म्हणाली. "साहेब बोलला, पास."

लायसन्स त्याच दिवशी मोबाइलवर येणार होतं. मग आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो, वडापाव खाल्ला, तिने चारदा साहेबाचं बोलणं तसंच्या तसं सांगितलं. चार वाजता मोबाइलवर लायसन्स आलं. स्वतःचा फोटो बघून ती म्हणाली, तोंड केवढं केलंय मी!

"चला, आज तुम्हाला करंज्याला सोडते," मी म्हटलं.

"तुमी कशाला? मी नेते." ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी शेजारचं दार उघडलं तर म्हणाली, "तितं नको. तितं तुमच्या पायाखाली पन ब्रेक हाय. मागं बसा."

अकरा वर्षांत मी माझ्या गाडीत कधी मागे बसले नव्हते. बसले. पळस्प्याच्या पुढे कंटेनरची रांग लागली, मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला, शांतपणे लेन बदलली. पहाटे चारपासून मी टेन्शनने जागी होते. मान कधी कलंडली कळलंच नाही.

जाग आली ती सुकटीच्या वासाने. गाडी एका दारासमोर उभी होती. टेम्पोशेजारी एक माणूस काठीवर रेलून उभा होता, डावा हात पोटाशी धरलेला. तो दाजी. त्याने खिडकीतून आत वाकून बघितलं. पुढे बायको, मागे मी, केस विस्कटलेली.

"मॅडम, इतवर गाडी तुमी आनलीत ना?" त्याने मलाच विचारलं.

"मी?" मी डोळे चोळत म्हटलं. "मी तर झोपले होते."