जित्या माणसाचा दहावा

नगरच्या एका हौशी नाट्यमंडळात नव्या लेखकांच्या एकांकिका वाचून त्यातली एखादी करायला सुचवायची, हे काम पुष्पावतीबाई काळोखे यांच्याकडे होतं. बाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवत. जिल्हाभरातून टपालानं लिखाण यायचं. बहुतेकांत दिवाणखाना असे, टेलिफोन असे आणि लिहिणाऱ्यानं कधी न पाहिलेली पुण्यामुंबईची माणसं असत. बाई कंटाळत, पण शेवटच्या पानापर्यंत वाचत.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या हाती ‘घाटावरचा परका’ आली. गोदावरीच्या घाटावर एका माणसाचा दहावा चाललाय. त्याला मेलेलं कुणी पाहिलेलं नाही. तो घर सोडून गेला, बारा वर्षं फिरकला नाही, म्हणून दर्भाचा पुतळा जाळून त्याचे दिवस घातलेत. पिंडाला काही केल्या कावळा शिवत नाही. भाऊ शब्द देतात, पोरगा देतो, तरी शिवत नाही. शेवटी बायको रडत पुढं होऊन सांगते, की आजपासून मी तुमची वाट बघणार नाही. आणि कावळा शिवतो. गर्दीत मागं एक परका शेजारच्यांशी बोलत उभा असतो. तो म्हणजेच तो माणूस. बायकोचं हे वाक्य ऐकून तो काही न बोलता निघून जातो.

बाईंनी ती सलग दोनदा वाचली. मंडळापुढं त्यांनी तिची जोरदार शिफारस केली. असा प्रसंग नुसत्या कल्पनेतून उभा करणारा लेखक आपल्या जिल्ह्यात आहे, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

पहिलं वाचन शाळेच्या वर्गात, रविवारी दुपारी ठेवलं. लेखकाचं नाव बाई आधी सांगत नसत. लोक नाव ऐकतात, नाटक ऐकत नाहीत, असं त्यांचं मत होतं. परक्याचं काम वाचायला त्यांनी सहादेवअण्णांना सांगितलं. अण्णा मंडळातले सगळ्यांत जुने नट. छापखान्यात कामाला, एकटेच राहायचे, मागंपुढं कुणी नाही असं सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोचं काम बाई स्वतः वाचत होत्या.

कावळ्याचा प्रसंग आला. बाईंनी वाचलं, “जाताना म्हनला हुतात, कोपरगावच्या बाजारात बैल बघून येतो. बैल अजून यायचाय.”

वर्गात दोघंतिघं हसले. पुढचं वाक्य परक्याचं होतं, पण अण्णा वाचेनात. बाईंना वाटलं, ओळ चुकली असेल. त्यांनी बोटानं दाखवली. अण्णांनी कागद बाकावर पालथा ठेवला.

“कुणी लिहिलंय हे?” त्यांनी विचारलं.

“गोरक्ष पुणतांबेकर म्हणून कुणी आहे. नवा आहे.”

अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. कुणीतरी पाणी आणायला पळालं. बाई जवळ गेल्या, तेव्हा ते अगदी हळू बोलले, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं. “बाई, हे नाटक नाही. हे माझं घर आहे. मी मेलोय, हे मला आज कळतंय.”

बाईंनी वाचन थांबवलं आणि लोकांना घरी पाठवलं. अण्णांनी त्यांना जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं. पुणतांब्याला शेती होती, बायको होती, रांगणारा मुलगा होता. बैल बघायला म्हणून निघाले, ते कोपरगावात उतरलेल्या तमाशाच्या फडाबरोबर पुढं गेले. पुढं फड मोडला आणि ते नगरला राहिले. परत जायची हिंमत राहिली नाही. एवढंच. बाई इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर तालमी करत होत्या, डबा वाटून खात होत्या, तो माणूस त्यांना एकदम अनोळखी वाटायला लागला.

पुढच्या सुट्टीला बाई मनमाडकडं जाणारी पॅसेंजर धरून पुणतांब्याला गेल्या. त्यांना राग आला होता, पण नेमका कुणाचा, ते सांगता आलं नसतं. बाईंनी आधी पत्र टाकलं होतं, म्हणून गोरक्ष स्टेशनावरच न्यायला आला होता. ऊसमळ्यातल्या पोरांसारखा काळासावळा, तरतरीत. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, की अण्णा तुझे कोण लागतात हे तुला माहीत होतं का.

त्यानं मान डोलावली. दोन गणपतींमागं मंडळाचं नाटक कोपरगावला झालं होतं. तो मामाबरोबर बघायला गेला होता. अण्णा रंगमंचावर आले आणि मामानं त्याचा हात धरला. ह्यो तुजा बाप, एवढंच मामा बोलला. आईला सांगू नको, असंही बोलला. गोरक्षनं सांगितलं नाही. तो एकांकिका लिहायला बसला.

“म्हणजे माझी शिफारस तुला हवी होती ती ह्यासाठी?” बाई म्हणाल्या.

“मला ती वाक्यं त्यांच्या तोंडून यायला हवी हुती,” गोरक्ष म्हणाला. “नाटक वाईट असतं तर तुमी घेतलं नसतं. म्हनून चांगलं लिहिलं.”

मनातल्या मनात बाईंना, हा खरा लेखक आहे, असं वाटून गेलं. आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

तो त्यांना घरी घेऊन गेला. त्याची आई छबूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्या दिवशी सुट्टी होती. हातात बांगडी नव्हती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिनं बाईंना चहा दिला आणि कुठल्या, कशाला आलात, असं विचारलं. गोरक्ष खाली बघत राहिला. मग त्यानं एका दमात सांगून टाकलं, की बाप जिवंत आहे, नगरला आहे, नाटकात काम करतो.

छबूबाईच्या हातातली कपबशी हलली नाही.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली.

गोरक्षनं वर पाहिलं. “मामानं सांगितलं?”

“मामाच्या लई आदी. तू साळंत जायला लागला, तवाच बाजारात एका बाईनं सांगितलं हुतं. बगून आल्ती ती त्यांना नगरला.”

“मग दिवस घातले तवा…”

“तवाबी ठावं हुतं.”

बाहेर शेळी ओरडत होती. मुलगा आईकडं असा बघत होता, की जणू हीसुद्धा कुणी परकीच. त्यानं लिहिलेल्या नाटकातली बायको नवरा मेला असं समजून रडली होती. पुष्पावतीबाईंना ते रडणं फार आवडलं होतं. त्यांनी शिफारशीत त्याचा खास उल्लेख केला होता.

“जित्या माणसाचे दिवस घातले तुम्ही?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“रोज कुनीतरी इचारायचं, आला का. पान्याला गेलं तरी, दळायला गेलं तरी. आला का, आला का.” छबूबाईनं रिकामी कपबशी बाजूला ठेवली. “दिवस घातले, बांगड्या फोडल्या. मग इचारनं थांबलं. मला जगायचं हुतं, बाई.”

तिनं अण्णांची चौकशी केली नाही. नाटक बघायला याल का, असं बाईंनी निघताना विचारलं, तर नको म्हणाली.

एकांकिका झाली. बाईंनी शिफारस मागं घ्यावी असं मंडळातल्या काहींचं म्हणणं होतं. बाईंनी घेतली नाही. गोरक्षनं बायकोचं काम पुन्हा लिहिलं. आता ती रडत नव्हती, आणि शेवटचं वाक्य सरळ गर्दीकडं बघून बोलत होती. अण्णांनी परक्याचं काम करायला नकार दिला, म्हणून ते गोरक्षनं स्वतः केलं. अण्णा प्रेक्षकांत बसले.

प्रयोग संपल्यावर ते रंगपटात आले. गोरक्ष खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग पुसत होता. बापलेक पहिल्यांदाच इतके जवळ उभे होते. अण्णा नटाला जे बोलता येतं तेच बोलले.

“शेवटी तू घाई केलीस. माणूस निघताना इतक्या लवकर पाय उचलत नाही.”

गोरक्षनं आरशातूनच त्यांच्याकडं पाहिलं.

“तुमी किती येळ थांबला हुता?”

अण्णा तिथल्या पेटीवर बसले. बाई बाकीच्यांना घेऊन बाहेर गेल्या.

अण्णा पुणतांब्याला कधीच गेले नाहीत. गोरक्ष मात्र नवं काही लिहिलं की नगरला येत राहिला. तो बाईंना वाचून दाखवायचा आणि मग तालमीला बसायचा. बाकीच्यांसारखीच तोही त्यांना ‘अण्णा’ अशी हाक मारायचा. दुसरी कुठलीही हाक त्यानं कधी मारली नाही.