बानूला आणायला घाट उतरले

मित्रांनो, दौंडला सुभान बागवानाच्या घरामागे, लिंबांच्या रिकाम्या पाट्यांखाली जे गंजकं लोखंड दिसतं, ती मी. हसू नका. एके काळी मी सह्याद्री ओलांडलेली सायकल आहे. आता एवढं सांगतानाही थकवा येतो.

१९५६ साली मी सुट्ट्या भागांत, पेटीतून दौंड स्टेशनावर उतरले. म्हस्कू मिस्त्रीनं मला जोडलं. सुभाननं झेंडूची माळ घातली, रोज सदऱ्याच्या टोकानं पुसायचा. पण नव्याचे नऊ दिवस. पुढं शिरूरकडच्या वस्त्यांवरून लिंबं आणायची आणि स्टेशनावर पोचवायची, हेच माझं जगणं झालं. मागे दोन पोती, वर सुभान. साखळी कुरकुरली की तो म्हणायचा, "उद्या त्याल घालतो."

त्याची धाकटी बहीण बानू घाटाखाली महाडला दिली होती. लेक माहेरी आपणहून येत नाही, न्यायला मुराळी जावा लागतो. मुराळी म्हणजे सुभानच. तो दर वर्षी म्हणायचा, लिंबाचा हंगाम संपू दे, मग जातो. असे सहा हंगाम संपले.

मग एका भर दुपारी दारात उभ्या सुभानला त्याची आई जन्नतबी म्हणाली, "कोन हाय?"

त्याच्या हातातली पाटी खाली आली. म्हातारी शांतपणे म्हणाली, "दारातलं मानूस दिसंना, पर अंगनात उन्हात अजून तोंड वळखू येतं. तवर बानूला आन."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. घाटात दरड कोसळून एसटी बंद होती, म्हणून मी. मोरगाव, नीरा, शिरवळ, भोर. भोरच्या पुढं साखळी तुटली. न घातलेल्या तेलानं आमचे दोन दिवस खाल्ले.

वरंधा घाटाच्या माथ्यावर ज्योतिबा नावाच्या धनगरानं माझे झिजलेले ब्रेक पाहिले. "मामा, याच्या भरवशावर खाली जाऊ नगा. मागं फांदी बांधा."

त्यानं करवंदीची जाळी तोडून दिली. ती फरफटत आम्ही उतरलो. दरडीच्या चिखलात सुभाननं मला खांद्यावर घेतलं. माझ्या जन्मातला तेवढाच आराम.

बानू दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"वाट चुकलास का, भाई?"

"चुकलो. सा वर्सं चुकलो," सुभान म्हणाला. "अम्माची नजर चाललीया, बानू."

तिनं आत जाऊन सासूला विचारलं आणि गाठोडं घेऊन आली. चढणीवर दोघं पायीच चालली. त्याचा हात माझ्या हँडलवर, तिचा कॅरिअरवर. दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. मला वजन नव्हतं, तरी इतकी कधी दमले नव्हते.

दौंडला पोचलो तेव्हा ऊन चांगलं होतं. जन्नतबीनं बानूला अंगणात उभं केलं, जवळ ओढलं, आणखी जवळ ओढलं.

"लाल लुगडं दिसतंय," ती म्हणाली. "तोंड न्हाई दिसत गं."

मग तिनं दोन्ही हातांनी लेकीचा चेहरा चाचपला. कपाळ, गाल, हनुवटी. बानूनं ते हात गालांवरच धरून ठेवले. सुभान माझ्याजवळ खाली बसला, त्याला वर बघवेना.

थोड्या वेळानं म्हातारी चाचपडत माझ्यापाशी आली. तिनं माझ्या सीटवरून हात फिरवला. "हिनं माझी पोर आनली. हिला त्याल घाल रं."

"उद्या घालतो, अम्मा," सुभान म्हणाला. मग उठला, घरातली चिमणी घेतली आणि तिच्यातलं रॉकेल माझ्या साखळीवर ओतलं. घरात तेवढंच होतं. त्या दिवशी ते मला गोडेतेलासारखं लागलं.

मित्रांनो, पुढे सुभाननं टेम्पो घेतला आणि मी या पाट्यांखाली आले. माझं काही म्हणणं नाही. लोखंडाला गंज चढला तर घासून काढता येतो. पण कुणी तुमची वाट बघत असेल, तर आजच निघा. सायकल कुरकुरत असली तरी.