उद्दिष्ट पूर्ण झालेली गाडी

मित्रांनो, तुमचा चेंडू पालिकेच्या वाहनतळाची भिंत ओलांडून आत येतो, तेव्हा तुम्ही ज्या पांढऱ्या गाडीच्या पोटाखाली वाकून तो शोधता, ती जुनी गाडी म्हणजे मी. माझ्या पुढच्या डाव्या चाकात हवा नाही. बॅटरी केव्हाच संपली आहे. तुम्ही मला भंगार म्हणता, त्याचा मला राग येत नाही. मात्र मी इथे कशी आले, हे कोणीच विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म बसचे सांगाडे बांधणाऱ्या एका मोठ्या शेडमध्ये झाला. पत्रा ठोकणारे, जोडकाम करणारे, रंगारी, कितीतरी जणांचे हात माझ्यावरून फिरले. मला वाटले, आता मी माणसांनी भरून लांब लांब धावणार. पण पालिकेने मला घेतले आणि माझ्यातली बाकेच काढून टाकली. त्यांच्या जागी सहा टेबले बसवली आणि त्यांवर सहा संगणक स्क्रूने आवळले. अगदी मागे निळा पडदा लावून दोन खुर्च्या ठेवल्या. माझ्या अंगावर हिरव्या अक्षरांत लिहिले, 'काम, कौशल्य आणि स्वास्थ्य : पालिका तुमच्या दारी'.

त्याचे कारण असे की, गावातला काचेच्या बाटल्यांचा कारखाना बंद पडला होता. नऊशे माणसे एका सहीने घरी बसली होती. पालिकेने ठरवले, दोन वर्षांत पाचशे जणांना नवे काही शिकवायचे, दोनशे जणांना कामाला लावायचे आणि ज्यांचे मन खचले आहे त्यांचे नीट ऐकून घ्यायचे. ठरवले होते ते चांगलेच होते. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचे ऐकून तुम्ही उगाच कोणालातरी दुष्ट ठरवाल.

माझा चालक अंगाने जाड, पण हाताने फार हळुवार होता. सगळे त्याला दादा म्हणत. रोज सकाळी तो माझी काच पुसायचा, तेलपाणी बघायचा आणि मला कारखान्याच्या बंद फाटकासमोर नेऊन उभी करायचा. आत शिकवायला एक बाई होत्या. काडीसारख्या बारीक, पण आवाज असा की पुढच्या चौकापर्यंत ऐकू जावा. दर गुरुवारी पडद्यामागे एक समुपदेशक ताई येऊन बसत. त्या बोलत कमी आणि ऐकत जास्त.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडे कोणी फिरकलेच नाही. लोक लांबून बघत आणि निघून जात. मग एका सकाळी, बरोबर नऊच्या ठोक्याला, हातात डबा घेतलेल्या एक मावशी पायरी चढून आत आल्या. पन्नाशीच्या. चष्मा जाड. कारखान्यात त्यांनी बावीस वर्षे एकच काम केले होते. पट्ट्यावरून सरकत येणारी बाटली दिव्यासमोर बघायची आणि तिच्यात केसाएवढी भेग किंवा बुडबुडा दिसला की ती बाजूला काढायची.

"काय शिकायचंय, मावशी?" बाईंनी विचारले.

"काहीही शिकवा. पण पाच वाजेपर्यंत बसू द्या."

बाईंनी त्यांना पहिल्या टेबलाशी बसवले आणि माउस हातात दिला. मावशींनी तो हलवताच संगणकाच्या पडद्यावरचा बाण कुठच्या कुठे गेला.

"अगं बाई, हा तर घरातल्या उंदरासारखाच निघाला," मावशी म्हणाल्या. "पकडायला गेलं की पळतो!"

बाई आणि दादा दोघेही हसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपण नुसता पत्र्याचा डबा नाही.

मावशी एका बोटाने टंकत. एक अक्षर शोधायचे, दाबायचे, मग वर बघायचे, मग पुढचे शोधायचे. बाईंचा जीव टांगणीला लागे, पण त्या कधी वैतागल्या नाहीत. तीन महिन्यांनी मावशींची चार बोटे चालू लागली. आणि एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. मावशींच्या नजरेतून चूक सुटत नसे. बाईंनी छापून आणलेल्या अर्जात एक वेलांटी उलटी पडली होती. ती पालिकेतल्या चार जणांच्या हाताखालून गेली होती. मावशींनी ती बसल्या जागेवरून दाखवली.

"हे कसं काय दिसतं तुम्हाला?" बाईंनी विचारले.

"बाटलीतली भेग दिसते तसंच. बघत राहिलं की दिसतं."

पडद्यामागे जायला मात्र मावशी तयार नसत. "मला काही झालेलं नाही हो. मला काम हवंय," असे म्हणून त्या ताईंना टाळत. एका गुरुवारी गाडी रिकामी होती, तेव्हा त्या आपणहून आत जाऊन बसल्या. डबा मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "माझी आई अंथरुणाला खिळलीय. ती त्याच कारखान्यात होती. तिनंच मला तिथं चिकटवलं. कारखाना बंद झाला हे तिला मी अजून सांगितलं नाही."

"मग त्यांना काय वाटतं?" ताईंनी विचारले.

"वाटतं, मी कामावर जाते. म्हणून तर रोज डबा घेऊन निघते. आधी चौकातल्या बाकावर बसायचे, आता इथं बसते. संध्याकाळी ती विचारते, 'आज किती फुटक्या काढल्यास?' मी सांगते, चाळीस, पन्नास, तोंडाला येईल तो आकडा." त्यांनी चष्मा पुसला. "परवा म्हणाली, 'हल्ली माल चांगला यायला लागलाय गं, फुटक्या कमी झाल्या.' मला हसावं की रडावं कळेना."

ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. मी काय करणार? माझ्या छतावरचा पंखा तेवढा फिरत राहिला.

दुसऱ्या वर्षी मावशींना काम लागले. पार्सले पाठवणाऱ्या एका गोदामाच्या कचेरीत पावत्यांवरचे पत्ते संगणकात भरायचे. पत्र हातात पडले, तेव्हा बाईंनी अख्ख्या गाडीला लाडू वाटावेत तसे पेन वाटले, कारण दुसरे काही हाताशी नव्हते. पालिकेच्या रोजगार विभागाचे साहेब स्वतः आले. बरोबर छायाचित्रकार होता. मावशींना माझ्या पायरीवर उभे केले.

"मावशी, जरा हसा की," साहेब म्हणाले. "काम मिळालंय, दात काढायला नाही चाललात!"

मावशी हसल्या. तो फोटो पालिकेच्या प्रगती अहवालाच्या मुखपृष्ठावर छापून आला. मागे माझाही अर्धा दरवाजा दिसत होता. खोटे कशाला बोलू, मला फार अभिमान वाटला.

अकराव्या दिवशी मावशी पुन्हा नऊच्या ठोक्याला आल्या. डबा हातात तसाच.

"आज सुट्टी?" दादाने विचारले.

"कायमचीच," त्या म्हणाल्या. "साहेब चांगला होता तिथला. म्हणाला, 'तुमची एकही चूक नाही, मावशी. पण तासाला दोनशे पत्ते व्हायला हवेत आणि तुमचे नव्वद होतात.' मी म्हटलं, दुसरे लोक दोनशे भरतात त्यातले वीस चुकतात, ते परत येतात. तर म्हणाला, 'ते मोजायचं काम दुसऱ्या खात्याकडे आहे.'"

बाईंनी खुर्ची ओढली आणि मावशींचे नाव पुन्हा नोंदवायला घेतले. संगणकावर लाल ओळ उमटली. 'लाभार्थीस रोजगार प्राप्त. नोंद बंद.' बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच ओळ. त्यांनी साहेबांना फोन लावला आणि त्यांचा आवाज इतका चढला की साहेब तासाभरात स्वतःच येऊन उभे राहिले.

"अहवाल वर गेलाय, बाई," साहेब घाम पुसत म्हणाले. "आता एक नाव काढलं तर ते सगळी यादी पुन्हा तपासायला घेतील."

"मग घेऊ दे की! खरं काय ते कळेल."

"कळेल. आणि पहिल्यांदा ही गाडी थांबवतील. चौकशी होईपर्यंत वर्ष जाईल. मग या पाच जणांना तुम्ही काय सांगणार?"

बाईंनी बाकीच्या पाच टेबलांकडे पाहिले. तिथे बसलेल्यांनी माना खाली घातल्या होत्या. त्यातल्या एकाची दुसऱ्याच दिवशी मुलाखत होती.

"मलाही बरं वाटत नाहीये," साहेब हळूच म्हणाले. "पण माझ्या हातात काय आहे?"

मग मावशीच उठल्या. "राहू द्या हो. माझ्यापायी कोणाचं अडायला नको. नाव नका लिहू. नुसतं बसू द्या."

त्या दिवसापासून मावशी माझ्यात बसत, पण कागदावर त्या नव्हत्या. इतरांचे अर्ज त्या वाचून देत. कोणाचा पत्ता अर्धा असे, कोणाच्या जन्मतारखेत घोटाळा असे. मावशी पेन्सिलीने बारीकशी खूण करत. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही अर्ज परत आला नाही. पण हे मोजायला कुठे रकानाच नव्हता.

सहा आठवड्यांनी पत्र आले. बाईंनी ते सगळ्यांसमोर वाचले. 'दोनशेचे उद्दिष्ट असताना दोनशे तीन जणांना रोजगार मिळाल्याने योजना यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. सबब, वाहन महिनाअखेरीस जमा करावे.' पत्रात माझे कौतुकही होते. 'उत्कृष्ट स्थितीतील वाहन', असे.

"दोनशे तीनपैकी आज कामावर किती आहेत?" बाईंनी विचारले. कोणाला विचारले, देव जाणे.

शेवटच्या दिवशी बाईंनी खुर्च्या एकात एक घातल्या. निळा पडदा उतरवून त्याची घडी केली. ताई गुरुवार नसतानाही आल्या होत्या. मावशी पायरीवरून उतरल्या आणि फाटकाच्या सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. उन्हात त्यांना डोळे बारीक करावे लागत होते. मी मनात ठरवले, आज सुरू व्हायचेच नाही. काय वाट्टेल ते होवो, जागचे हलायचे नाही. दादाने किल्ली फिरवली आणि मी एका दमात सुरू झाले. मित्रांनो, त्याने मला इतके नीट राखले होते की अडून बसणेसुद्धा मला जमले नाही. आरशात मावशी लहान लहान होत गेल्या. मग वळण आले.

तेव्हापासून मी इथे आहे. संगणक काढून नेले. स्क्रूची भोके तेवढी उरली. दादालाही कामावरून कमी केले, कारण तो गाडीपुरताच नेमला होता. पहिल्या वर्षी तो दोनदा येऊन माझी काच पुसून गेला. दुसऱ्या खेपेला तो माझ्याच पायरीवर बसला आणि त्याने इथल्या राखणदाराला मावशींची हकिगत सांगितली.

तो त्यांच्या घरी जाऊन आला होता. तिसऱ्या मजल्यावर, अंधाऱ्या जिन्याने. गाडी गेल्यावर मावशींनी चार दिवस कुठे कुठे वेळ काढला. पाचव्या दिवशी पायच उचलेना, तेव्हा त्या आईच्या उशाशी बसल्या आणि सगळे सांगून टाकले. त्यांना वाटले होते, आई आकांत करील. आईने नुसता त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "एवढी वर्षं पहाटे उठलीस. आता झोप हवं तितकं."

"मावशी मला म्हणाल्या," दादा सांगत होता, "'तिनं मायेनंच म्हटलं हो. पण आता डोळे उघडले तरी उठायचं कशासाठी, तेच समजत नाही. पडून राहते.'"

दादा उठला, त्याने माझ्या दरवाजावर दोनदा थोपटले आणि तो निघाला. त्याला 'थांब' म्हणायला मी हॉर्न वाजवू पाहिला. बॅटरी संपलेली होती. त्यानंतर तो आला नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करा, मला रंग द्या, असे मी तुम्हाला म्हणणार नाही. माझे काय, मी पत्रा आहे. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातला कोणी त्या साहेबांच्या खुर्चीत बसेल, कोणी बाईंसारखे शिकवेल, कोणी असे अहवाल लिहील. एखाद्याच्या नावापुढे 'काम मिळाले' असे लिहाल, तेव्हा तेवढ्यावर वही मिटू नका. सहा महिन्यांनी एकदा त्याच्या घरी जा, दार वाजवा आणि 'बरं चाललंय ना?' एवढे विचारा. आणि चालले नसेल, तर ते लिहून ठेवायला जागा ठेवा.

मला हे कधीच जमले नसते. मी रस्त्याच्या कडेपर्यंतच जाऊ शकत होते. गाडीला जिना चढता येत नाही. तुम्हाला येतो.