बंद झाल्याची तारीख

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केदार सकाळच्या बसनं अमरावतीहून अकोल्याला आला, तेव्हा त्याच्याजवळ एकच काम होतं. वडिलांच्या दुकानाचा महापालिकेचा परवाना बंद करण्याचा अर्ज त्याला द्यायचा होता. अर्ज त्यानं बसमध्येच भरत आणला. मूर्तिजापूर येईपर्यंत नाव, पत्ता, परवाना क्रमांक लिहून झाले. मग ‘व्यवसाय बंद झाल्याची तारीख’ असा रकाना आला आणि त्यानं पेनाला टोपण लावलं. बोरगाव मंजू मागे पडलं, अकोल्याची पहिली गोदामं दिसू लागली, रकाना तसाच राहिला.

वसंतराव जाऊन साडेसात महिने झाले होते. एवढ्या दिवसांत केदारला एकदाही रडू आलं नव्हतं, आणि आता ते येईल अशी वाटही तो पाहत नव्हता. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळ्या अंगभर झालं होतं. अमरावतीत तो विद्यापीठातल्या मुलांच्या प्रबंधांची प्रुफं तपासून पोट भरत असे. एका खोलीत, एका खिडकीपाशी, दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांत राहायचं. ते त्याला सोसत असे. स्वतःचं एक वाक्य मात्र त्याला लिहिता येत नव्हतं, आणि तेही वाक्य कसलं, एक तारीख.

दुकान जुन्या कापड बाजाराच्या मागच्या ओळीत होतं. गाळा जेमतेम सात फूट रुंद. पुढे वसंतरावांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल, त्यामागे प्लायवूडची अर्धी भिंत, आणि भिंतीपलीकडे साड्यांना फॉल-पिको करून देणाऱ्या शकुनचं मशीन. शटर दोघांत एकच. केदार पोचला तेव्हा मशीन चालू होतं. टेबलावर मात्र कापड पसरलेलं होतं, आणि कापडाखाली वडिलांची हत्यारं होती तशीच, रांगेत.

“आला का,” शकुन म्हणाली. तिनं पाय थांबवला नाही. “चहा सांगतला आहे. हे तिकडचे कागद पाह्य अगोदर. सकाळपासून आणून टाकून राहिले लोक.”

टेबलाच्या कोपऱ्यावर पाच-सहा कोरे फॉर्म पडले होते. या ओळीची ती जुनी रीत होती. मार्च आला की प्रत्येकाला आपल्या धंद्याचं वर्षाचं उत्पन्न महापालिकेच्या फॉर्मवर जाहीर करावं लागे, आणि त्या आकड्याच्या टप्प्याप्रमाणे परवान्याचं शुल्क ठरे. ओळीतलं कोणीच आपला फॉर्म आपण भरत नसे. सगळे तो वसंतरावांकडे आणून टाकत. घड्याळाच्या आत हात न थरथरता फिरवणारा माणूस छोट्या चौकटींत अक्षरं नीट बसवील, एवढाच त्यामागचा विचार. पण हळूहळू असं झालं, की कोणाची कमाई किती हे ओळीत फक्त वसंतरावांना ठाऊक असे, आणि ते कोणाला सांगत नसत.

बॅगांच्या चेन बसवणारा कुंदन समोरच्या गाळ्यातून आला.

“केदारभाऊ, मायाही फॉर्म भरून द्या ना. तुमच्या बाबानं दरसाल भरला.”

“उत्पन्न किती लिहू?”

“ते मले काय माहीत? ते बाबाले माहीत होतं.”

“तुझी कमाई, अन् तुलेच माहीत नाही?”

“मी सांगत जाओ तसं ते कधी लेहेतच नव्हते,” कुंदन हसला. “म्हणत, एवढ्यात तुया पोराची शाळा होते का? अन् वाढवून लेहेत. लय खडूस माणूस होता गड्या. पण दंड कधी लागू देला नाई.”

मागच्या वर्षीच्या प्रती टेबलाच्या खणात होत्या. केदारनं कुंदनचा फॉर्म काढला, आकडा उतरवून दिला, आणि सगळ्यांत खाली असलेली वडिलांची फाइल बाहेर घेतली. अकरा वर्षांचे कागद त्यात टाचलेले होते. धंद्याच्या रकान्यात दरसाल तेच: घड्याळदुरुस्ती व इतर. उत्पन्नाचा आकडा शाईनं. सहज म्हणून त्यानं कागद उलटला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत, दोन ओळी होत्या. ‘माझे’ आणि त्यापुढे एक आकडा. ‘शकुनचे’ आणि त्यापुढे दुसरा. खाली रेघ, आणि रेघेखाली बेरीज. पुढच्या बाजूला शाईनं लिहिलेली तीच ती बेरीज.

त्यानं एकेक कागद उलटला. अकरांपैकी अकरा तसेच होते. अलीकडच्या वर्षांत दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा झाला होता.

नऊ वर्षांपूर्वीच्या कागदापाशी त्याचं बोट थांबलं. त्या वर्षी त्याला फार्मसीच्या कॉलेजात जागा मिळाली होती. फीची सवलत मिळाली असती तर जमणार होतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाप-लेक तहसीलात गेले. तिथल्या बाईंनी परवान्याच्या फॉर्मची प्रत पाहिली आणि आकडा मर्यादेच्या जरासा वर जातो म्हणून अर्ज परत दिला. वसंतराव चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. केदार बी.ए.ला गेला, आणि पुढची कितीतरी वर्षं मनाशी एकच प्रश्न घोळवत राहिला: एवढी कमाई होती, तर पैसा जात कुठे होता? तेराव्यानंतर त्यानं घरातलं कपाट उघडून पासबुकं पाहिली होती. त्यांत काही नव्हतं, आणि त्याचंही त्याला काही वाटलं नव्हतं.

आता समोर उत्तर होतं. त्या वर्षीचा वरचा आकडा एकटा धरला, तर मर्यादेच्या खूप खाली होता.

प्लायवूडपलीकडे मशीन थांबलं. शकुन दोरा तोडून बाहेर आली.

“पाह्यलं वाटते,” ती म्हणाली.

“तुमचा परवाना वेगळा नाही?”

“नाई.” तिनं स्टूल ओढलं. “तेल्हाऱ्याहून मशीन घेऊन आली तवा मले वाटे, परवान्यावरचं नाव भिंतीवर लागलं का नवरा हुडकत येईन. म्हणून बाबानं आपल्याच कागदात घेतलं. एक शटर, एक परवाना. मी म्हटलं, मायी कमाई नका दाखवू, काहून उगाच? तर म्हणे, नाव लपवू, पैसा नाई लपवणार. माझ्या वाट्याचं शुल्क मी देतच होती बरं. बाबावर बोजा नाई पाडला.”

“तो माणूस आता...”

“त्यानं दुसरी केली, तिले पोरं झाली. तो कायले येते आता? पण आपल्या अंगाले सवय लागते ना लपायची.”

चहा आला. केदारनं भरत आणलेला अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिनं वरचं मोठं अक्षर वाचलं आणि बराच वेळ कपाला हात लावला नाही.

“बंद करतं?”

“मी इथं राहत नाही, काकू. मला घड्याळ उघडताही येत नाही.”

“मंग मी कायच्या भरोशावर बसू इथं?”

फॉर्मच्या मागे नियम बारीक अक्षरांत छापलेले होते. परवान्याशिवाय धंदा चालवल्यास सुरू केल्या दिवसापासूनचं शुल्क, त्यावर दंड, आणि भरणा होईपर्यंत गाळ्याला सील. शकुनच्या बाबतीत सुरू केल्याचा दिवस म्हणजे अकरा वर्षांमागचा. तिच्या हाती उरलेली हीच एक जागा होती, आणि ती एका मेलेल्या माणसाच्या कागदावर उभी होती.

“तू नावावर करून घे ना,” ती म्हणाली. “वारस म्हणून. तुले यायचं काम नाई. दरसाल मार्चमधी एक सही. पैसे सगळे मी भरत जाईन.”

सोपं होतं. अशा बधिर दिवसांत समोर येईल त्यावर सही करणं हीच माणसाला सगळ्यांत जवळची वाट वाटते. केदारनं मान हलवली. पण ती हो म्हणून हलवली की नुसती, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

“चला,” फाइल काखेत घेऊन तो म्हणाला. “तुम्हीही चला.”

महापालिकेच्या परवाना विभागात पंखा फिरत होता, वारा मात्र खिडकीच्या बाजूच्या दोन माणसांनाच लागत होता. गोवर्धन नावाचे कारकून वसंतरावांना ओळखत. त्यांच्या हातातलं घड्याळ वसंतरावांनीच दोनदा चालू करून दिलेलं.

“तुमी वसंतरावचे चिरंजीव. काय करता अमरावतीले?”

“प्रुफं तपासतो. लोकांच्या प्रबंधांची.”

“म्हणजे लोकाच्या चुका काढता. त्याचा परवाना लागते का?”

“माहीत नाही.”

“इचारूही नका,” गोवर्धन म्हणाले आणि समोर दोन कोरे फॉर्म ठेवले. “हा वारसाच्या नावावर करायचा, हा बंद करायचा. वारसाचा असला तर लेहून द्या, का वडील गेल्यापासून दुकान तुमीच चालवून राहिले. बंदचा असला तर तारीख टाका, अन् त्या तारखेपर्यंतचं उत्पन्न. पण बंदच्या तारखेनंतर शटर उघडं दिसलं तर मंग मले इचारा लागते, कोण बसते तिथं.”

शकुन बाकाच्या टोकाला बसली होती. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. तिनं केदारकडे पाहिलं नाही.

केदारनं वारसाचा फॉर्म पुढे ओढला. ‘मी दिनांक ___ पासून सदर व्यवसाय स्वतः चालवीत आहे.’ छापील वाक्य होतं. नुसती तारीख भरायची, खाली सही. त्या वाक्याप्रमाणे तो साडेसात महिने वडिलांच्या खुर्चीवर बसला होता, त्यांचं भिंग डोळ्याला लावत होता, आणि शकुनची कमाई स्वतःची म्हणत होता. पुढच्या मार्चलाही म्हणणार होता. त्याच्यापुढच्याही. आणि ती प्लायवूडच्या आड तशीच, नाव नसलेली, म्हातारी होणार होती.

त्यानं तो फॉर्म परत दिला.

“हा नको. बंदचाच द्यायचा आहे, तो मी भरून आणलाय. आणि एक नवीन परवान्याचा द्या.”

“नवीन? कोणाच्या नावानं?”

“काकू,” केदार वळून म्हणाला, “पूर्ण नाव सांगा.”

शकुन उठून आली. टेबलापाशी उभी राहून तिनं घसा साफ केला.

“शकुन भगवंतराव ताथोड.” मग हळूच, “आधारवरही हेच, बापाचं नाव हाय. मागच्या साली बदलून घेतलं.”

केदारनं तिच्याकडे पाहिलं. हे तिनं कोणालाच सांगितलेलं नसावं.

त्यानं बसमधला अर्ज काढला, पेनाचं टोपण उघडलं, आणि रिकाम्या रकान्यात नऊ ऑगस्ट लिहिलं. मृत्यूच्या दाखल्यावर ती तारीख छापील होती. तेराव्याच्या पत्रिकेसाठी ती मामांनी सांगितली होती. केदारच्या हातानं ती आजवर कुठेच लिहिली गेली नव्हती. अक्षर नेहमीसारखंच आलं, किंचित उजवीकडे झुकलेलं. मग नव्या फॉर्मवर ‘व्यवसाय सुरू केल्याची तारीख’ या रकान्यात त्यानं दहा ऑगस्ट लिहिलं आणि दोन्ही कागद पुढे सरकवले.

गोवर्धननी आधी एक वाचला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

“नऊले त्यायचं बंद. दहाले या बाईचं सुरू. त्याच गाळ्यात.”

“हो.”

“दुसऱ्याच दिवशी?”

केदार काही बोलायच्या आत शकुन बोलून गेली.

“दुसऱ्या दिवशी कसं उघडीन मी? तेरा दिवस शटर बंद होतं.”

आता विचारतील, ‘त्याआधी तुम्ही कुठं होतात?’ असं केदारच्या मनात आलं, आणि तो वाट पाहत उभा राहिला. गोवर्धननी मनगटावरचं घड्याळ थोडं वर सरकवलं. त्यांची नजर शकुनच्या बोटांवर गेली. सुयांनी आणि दोऱ्यानं पडलेल्या खुणा काही साडेसात महिन्यांच्या नव्हत्या.

“मंग तेवीस ऑगस्ट टाका ना बाई,” ते म्हणाले. “सरकारी कागद आहे, खरी तारीख लेहा लागते. विलंब शुल्क महिन्यावर मोजतो आपण, वर पंधरा दिवस झाले का पुरा महिना धरतो. तेवीस धरली तर एक महिना वाचते तुमचा.”

केदारनं दहा खोडून तेवीस लिहिलं आणि खोडलेल्या जागी शकुनची सही घेतली. तिनं ती सावकाश केली, एकेक अक्षर सुटं, पिकोच्या टाक्यासारखं अंतर राखून. पुढच्या रकान्यात तिनं आपल्या कमाईचा आकडा स्वतःच सांगितला. तो मागच्या वर्षीच्या पेन्सिलीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला.

“आता वसंतरावचं राह्यलं,” गोवर्धन म्हणाले. “एप्रिल ते नऊ ऑगस्ट. उत्पन्न कोरं सोडलं तुमी.”

केदारनं फाइल उघडली. मागच्या वर्षाचा कागद उलटून वरच्या ओळीतला आकडा घेतला, चार महिन्यांचा हिशेब मनाशी केला आणि लिहिला. बेरजेकडे त्यानं पाहिलं नाही.

गोवर्धननी चष्मा नाकावर खाली घेतला. “एवढीच? दरसाल तर चांगली लेहेत होते ते.”

“एवढीच होती,” केदार म्हणाला.

शकुननं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तहसीलातला तो दिवस तिला ठाऊक नव्हता, आणि तो तिला सांगायचा नाही हे केदारनं ठरवलेलं नव्हतं. पण त्यानं फाइल मिटली, आणि मग वेळ निघून गेली. आपल्याला आता काही वाटेल म्हणून तो क्षणभर थांबला. फक्त पेन धरलेली बोटं दुखत होती.

गोवर्धननी दोन्ही कागद एकमेकांवर जुळवले, एकेकावर शिक्का मारला आणि वसंतरावांचा कागद केदारपुढे सरकवला. शाई अजून ओली होती. ती वाळेपर्यंत केदारनं त्याला हात लावला नाही.